पाडव्याचा कडुलिंब: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पाडव्याला श्रीखंड विकत मिळतं, पुरणपोळी विकत मिळते, साखरेची गाठी तर विकतच आणायची असते. कडुलिंबाचा प्रसाद मात्र घरीच वाटावा लागतो, आणि तो दोन प्रकारे हमखास बिघडतो. एक, काहीच न करता प्रत्येकाच्या हातावर एकेक पान ठेवलं जातं, सगळे ते तोंडात घातल्यासारखं करतात आणि दुसऱ्या दिवशी केर काढताना पानं सोफ्यामागे सापडतात. दोन, त्यात इतका गूळ पडतो की हिरव्या रंगाची गुळाची गोळी तयार होते. ती मुलं आवडीने मागून खातात आणि आपण खूश होतो, पण कडुलिंब त्यात नावालाच असतो.

नीट जमलेल्या प्रसादात आधी कडू लागतं. मग ओवा-मिऱ्याचा झणका येतो आणि गूळ सगळ्यात शेवटी जिभेवर उतरतो. हा क्रम साधणं अवघड नाही. पानं कोणती घ्यायची आणि गूळ केव्हा घालायचा, या दोन गोष्टी सांभाळल्या की झालं. नव्याने संसार मांडलेले, घरापासून लांब राहणारे, किंवा 'आई करायची तेव्हा मी लक्षच दिलं नाही' म्हणणारे, अशांसाठी हे सगळं जरा सविस्तर लिहिते.

आधी झाड ओळखा

हसू नका. मी पहिल्या वर्षी भाजीवाल्याकडे नुसतं 'लिंब' मागितलं तर त्याने कढीलिंबाची जुडी दिली, आणि मीही ती घेऊन घरी आले. वासाने कळलं म्हणून बरं.

कडुलिंबाच्या एका लांब काडीला दोन्ही बाजूंनी पाती असतात. प्रत्येक पातं विळ्यासारखं किंचित वाकडं, देठाशी एक बाजू छोटी आणि एक मोठी, कडा करवतीसारख्या दातेरी. कढीलिंबाच्या पानाला अशी ठळक दातेरी कड नसते आणि हातात चुरगाळलं की फोडणीची आठवण येते.

खरा घोटाळा होतो तो बकाण निंबाशी. हे झाड बागांमधून आणि रस्त्याच्या कडेला लावलेलं असतं, आणि लांबून अगदी कडुलिंबासारखं दिसतं. पण त्याच्या मुख्य काडीला उपकाड्या फुटतात आणि पानं त्या उपकाड्यांना येतात. फुलं जांभळट असतात. पानगळीनंतरही पिवळ्या फळांचे घोस झाडाला लटकत राहतात. ही फळं विषारी आहेत आणि या झाडाचं काहीच प्रसादात जाता कामा नये. कडुलिंबाची फुलं पांढरी, बारीक, पाच पाकळ्यांची असतात आणि त्यांना मधासारखा मंद वास येतो. तेव्हा फूल पांढरं आणि काडी साधी असेल तरच घ्यायचं. शंका असेल तर झाड सोडून द्या आणि बाजारातून आणा. पाडव्याच्या आदल्या दिवशी पुण्याच्या मंडईत, दादरच्या फुलबाजारात किंवा कोणत्याही गावच्या बाजारात गुढीच्या सामानाबरोबर कडुलिंबाच्या डहाळ्या असतातच.

पालवी, फुलं आणि तारखेचा खेळ

कडुलिंबाला फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी पालवी येते. सुरुवातीला ती तांबूस, तकतकीत असते, मग पोपटी होते, मग गडद हिरवी. आपल्याला तांबूस-पोपटी पानं हवीत. ती मऊ असतात, पटकन वाटली जातात आणि कडू असली तरी सोसवतात. गडद हिरवं जून पान चिवट असतं, वाटणात त्याच्या शिरा राहतात आणि कडवटपणा घशाशी अडकून बसतो. प्रसाद थुंकला जातो तो बहुतेक वेळा जून पानांमुळेच.

फुलांचं गणित जरा वेगळं. मोहोर साधारण मार्च-एप्रिलमध्ये येतो, आणि पाडवा चंद्राच्या हिशेबाने हलत असतो. 2021 मध्ये तो 13 एप्रिलला आला होता, 2024 मध्ये 9 एप्रिलला, 2025 मध्ये 30 मार्चला आणि 2026 मध्ये 19 मार्चला. एप्रिलातल्या पाडव्याला फुलांचा सडा पडलेला असतो. मार्चमध्ये आला तर एखाद्या डहाळीला नुसत्या कळ्या मिळतात, कधी त्याही नाहीत. कळ्या चालतात. अजिबात काही मिळालं नाही तर सुकवलेली फुलं वापरा. तेलुगू आणि तमिळ घरांमध्ये ही फुलं वाळवून वर्षभर ठेवतात, त्यामुळे दाक्षिणात्य सामानाच्या दुकानांत मिळतात. तुपाच्या दोन थेंबांवर मंद आचेवर परतून, चुरून घालायची. तेही नसेल तर नुसत्या पालवीवर भागवा, गुढी काही रागावत नाही. पण फुलं असली तर जरूर घाला. ती पानांपेक्षा पुष्कळ सौम्य असतात आणि त्यांच्या सुवासाने प्रसादाला वेगळाच रंग येतो.

डहाळी आदल्या दिवशी दुपारनंतर, उजेड असताना आणा. सूर्य मावळल्यावर झाडाला हात लावू नये, असं आमच्या आजीचं म्हणणं होतं. मी ते अजून पाळते, शिवाय अंधारात बकाण निंब ओळखायचा तरी कसा. रहदारीच्या रस्त्यावरची धुळकट पानं, औषध फवारलेल्या बागेतली पानं नकोत. जेवढं लागतं तेवढंच तोडा: गुढीसाठी एक छोटी डहाळी आणि प्रसादासाठी दोन-तीन कोवळे शेंडे. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं की सकाळपर्यंत टवटवीत राहतं.

सामान

पाच-सहा माणसांना पुरेल एवढं:

- कडुलिंबाची कोवळी पाती, काडीवरून सुटी केलेली, 12 ते 15
- कडुलिंबाची फुलं, 1 मोठा चमचा
- भिजवलेली हरभऱ्याची डाळ, 2 मोठे चमचे
- किसलेला साधा गूळ, 2 मोठे चमचे
- चिंच, सुपारीएवढी
- ओवा आणि जिरे, प्रत्येकी पाव छोटा चमचा
- काळे मिरे, 4
- हिंग, चिमूटभर
- सैंधव किंवा साधं मीठ, दोन चिमटी

गूळ साधाच घ्या. चिक्कीचा गूळ चिकट असतो आणि वाटणाचा लगदा करून ठेवतो.

घराघरांत यात फरक असतो. कुणी डाळ घालत नाही, कुणी चिंचेऐवजी कैरी किसून घालतं, कुणाकडे गुळाऐवजी खडीसाखर. पंचांगात आणि पूजेच्या पोथ्यांत एक संस्कृत श्लोक सापडतो, त्यात कोवळी पानं फुलांसकट घेऊन त्यात मिरे, मीठ, हिंग, जिरे आणि अजमोदा घालायला सांगितलं आहे. अजमोद्याच्या जागी आपल्याकडे ओवा घेतात. यादी नीट पाहिली तर एक गंमत दिसते. यात जिभेला लाडावणारं काहीही नाही, सगळं पाचक आहे. आपला हिंगाष्टकाचा डबा आठवा, त्याचीच ही भावंडं. मी गूळ आणि डाळ दोन्ही घालते, कारण आमच्याकडे तसं करतात आणि त्याने घास बांधला जातो. पण ओवा, मिरे, हिंग यांना फाटा देऊन नुसता कडुलिंब-गूळ वाटला तर चव सपाट होते. त्यामुळे ते तिघं हवेतच.

आदल्या रात्री

डाळ धुऊन भिजत घाला. चार तास पुरेत. चैत्रातल्या उकाड्यात रात्रभर बाहेर ठेवलेली डाळ कधी कधी आंबूस होते, म्हणून झोपताना फ्रिजमध्ये सारा. भिजवतच असाल तर वाटीभर जास्त भिजवा. कैरी मिळाली असेल तर उरलेल्या डाळीची दुपारच्या जेवणाला आंब्याची डाळ होते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ती पुढे महिनाभर होणारच आहे, पण म्हणून पाडव्याला करू नये असं थोडंच आहे.

एवढंच रात्री करायचं. पानं रात्री वाटून ठेवायचा मोह टाळा. वाटलेली पानं काळी पडतात आणि त्यांचा कडवटपणा आणखी उग्र होतो.

सकाळी, गुढीच्या जरा आधी

अंघोळ झाली, गुढीची काठी पुसून झाली, की हे काम हातात घ्या. पंधरा-वीस मिनिटांत होतं.

फुलांचा तुरा प्रथम पांढऱ्या कपड्यावर झटका. बारीक किडे, मुंग्या, कोळ्याचं जाळं सगळं खाली पडतं. मग फुलं अलगद ओरबाडून भांडंभर पाण्यात सोडा आणि वरच्यावर हातानेच उचलून घ्या. धूळ तळाशी राहते. चाळणीत ओतलीत तर ती धूळ पुन्हा फुलांवरच बसते. पानं काडीवरून सुटी करून दोनदा धुवा आणि फडक्यावर कोरडी करा. काड्या टाकून द्या, त्या वाटल्या जात नाहीत.

आता एक कोवळं पातं स्वतः चावून बघा. ही पायरी कुणी लिहीत नाही, पण सगळं पुढचं प्रमाण यावर ठरतं. प्रत्येक झाडाचा कडूपणा वेगळा असतो. पातं चावल्यावर लगेच तोंड वाकडं झालं तर बारा पाती पुरेत. दोन-तीन क्षणांनी हळूहळू कडू लागलं तर पंधरा घ्या. कमी-जास्त करायचं ते पानांत करा, गुळात नको.

चिंच दोन चमचे कोमट पाण्यात भिजत ठेवा आणि खलबत्ता काढा. नसेल तर जाड बुडाची स्टीलची वाटी आणि लाटण्याचं टोक, हेही उत्तम चालतं. मिक्सरमध्ये एवढंसं वाटण भांड्याच्या कडेला उडून बसतं आणि पातं हवेत फिरत राहतं. मिक्सरच वापरायचा असेल तर सगळ्यात लहान भांडं घ्या, प्रमाण दुप्पट करा आणि थांबत थांबत फिरवा.

क्रम असा. पहिल्यांदा मिरे, ओवा, जिरे आणि मीठ कोरडेच कुटा. मीठ खरखरीत असल्याने बाकीचं लवकर बारीक होतं. यात हिंग मिसळा. मग पानं घाला आणि ठेचा. इथे घाई करू नका, पानांचा ओलसर हिरवा गोळा झाला पाहिजे, तुकडे दिसता कामा नयेत. एखादा अख्खा तुकडा कुणाच्या दाताखाली आला की तो माणूस पुढच्या वर्षी हात पुढे करत नाही.

त्यानंतर पाणी निथळलेली डाळ. ती मात्र भरडच ठेवायची, वाटल्या डाळीसारखी. तिच्या दाण्यांमुळे घास चावावा लागतो, आणि चावताना कडू, तिखट, आंबट वेगवेगळे कळतात. गंधासारखं गुळगुळीत वाटलं तर सगळं एकच होऊन जातं.

आता चिंचेचा घट्ट कोळ, आणि अगदी शेवटी गूळ. गूळ आधी घातला तर त्याला पाणी सुटतं, सगळं निसरडं होतं आणि पानं वाटलीच जात नाहीत. गूळ कुटायचाही नाही. बोटांनी कालवायचा, म्हणजे त्याचे बारीक कण तसेच राहतात आणि तोंडात उशिरा विरघळतात. कडू आधी आणि गोड नंतर लागतं ते यामुळेच. फुलं सगळ्यात वर, अख्खी, नुसती हलक्या हाताने मिसळून.

मिश्रण सुपारीएवढ्या गोळ्या वळण्याइतकं घट्ट हवं. पातळ वाटलं तर थोडी डाळ ठेचून घाला, फारच कोरडं असेल तर चिंचेचं पाणी. आता चाखा. कडू लागलंच नाही तर दोन पाती ठेचून घाला. फार कडू झालं तर आधी डाळ वाढवा, चिमूटभर मीठ वाढवा, आणि मगच गुळाकडे वळा. मीठ कडूपणा दाबतं, हे कारल्याची भाजी करणाऱ्यांना सांगायला नको.

द्यायचा कसा

गुढीला डहाळी, गाठी, आंब्याची पानं बांधून पूजा झाली की प्रसादाचा नैवेद्य दाखवतात आणि मग घरातले सगळे तो खातात. तोपर्यंत चहासुद्धा नको, असं पूर्वी असायचं. चहाचं तुमचं तुम्ही ठरवा, पण श्रीखंड आणि गाठी या प्रसादानंतरच द्या. आधी गाठी खाल्लेल्या तोंडाला हाच कडुलिंब दुप्पट कडू लागतो. चावून खायला सांगा. औषधाच्या गोळीसारखा पाण्याबरोबर गिळला तर एवढा खटाटोप कशाला केला?

मुलांना हरभऱ्याच्या दाण्याएवढा द्या आणि आपण त्यांच्यासमोर खा. चेहरा वाकडा झाला तर होऊ द्या, आमच्याकडे तर कुणाचा चेहरा सगळ्यात जास्त वाकडा होतो यावर पैज लागते.

तीन गोष्टी गांभीर्याने. तान्ह्या बाळांना हा प्रसाद चाटवू नका. गर्भवती असाल किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या, किंवा फूल नुसतं कपाळाला लावा. आणि कडुलिंबाचं तेल पोटात घ्यायची गोष्ट नाही, लहान मुलांना तर मुळीच नाही. त्याने मुलांना विषबाधा झालेली आहे.

'हे खाल्लं की वर्षभर आजार येत नाही' असं कुणीतरी सांगेलच. सुपारीएवढ्या गोळीकडून एवढी अपेक्षा मी तरी ठेवत नाही. वसंतात कफ वाढतो आणि कडू-तिखट चवींनी तो कमी होतो, असं आयुर्वेद मानतो. चैत्रात थंडी सरून उन्हाळा सुरू होतो, त्या वळणावर हे पाचक पदार्थ ठेवले गेले, हे पटण्यासारखं आहे. शिवाय नव्या वर्षाचा पहिला घास मुद्दाम कडू घ्यायचा, ही कल्पना मला श्रीखंडाइतकीच आवडते.

शेजारची पच्चडी

त्याच दिवशी आंध्र-तेलंगणात उगादी असते, म्हणजे युगादी. तिथे याच कडुलिंबाची उगादी पच्चडी होते. कर्नाटकात बेवु-बेल्ल, म्हणजे शब्दशः कडुलिंब-गूळ. सोलापुरात विणकर पद्मशाली समाजाची तेलुगू घरं मोठ्या संख्येने आहेत. अशा शेजारात राहिलात तर पाडव्याला दोन्ही वाट्या हातात येतात.

पच्चडी वाटायची नाही आणि शिजवायचीही नाही. लिंबाएवढी चिंच दोन वाट्या पाण्यात कोळून घ्या, त्यात अर्धी वाटी गूळ विरघळवा. एका छोट्या कैरीचे सालीसकट बारीक तुकडे, चिमूटभर मीठ, एक बारीक चिरलेली हिरवी मिरची किंवा मिरपूड, आणि वरून मोठा चमचाभर कडुलिंबाची फुलं. काही घरांत केळ्याचे काप आणि खोबऱ्याचे तुकडेही पडतात. नव्या मातीच्या मडक्यात कालवून वाटीतून पितात. पानं यात नसतात, नुसती फुलं. त्यामुळे ही आपल्या प्रसादापेक्षा पुष्कळ सौम्य लागते, आणि घरात कडू अजिबात न सोसणारी मंडळी असतील तर सुरुवात हिच्यापासून करायला हरकत नाही.

तिच्यात सहा रस मोजतात: गूळ गोड, चिंच आंबट, मीठ खारट, मिरची तिखट, फूल कडू आणि कैरी तुरट. नव्या वर्षात सुख, दुःख, राग, भीती सगळंच वाट्याला येणार, ते एका वाटीत घ्यायचं, असा त्याचा अर्थ सांगतात. जाता जाता एक: आयुर्वेदाच्या यादीत 'कटु' दिसलं तर ते कडू समजू नका. संस्कृतात कटु म्हणजे तिखट, आणि कडूला शब्द आहे तिक्त. कटूचा कडू होताना मराठीत चवच बदलली. त्यामुळे जुन्या पाककृती वाचताना मीही एकदा मिरच्यांच्या जागी कारलं शोधत बसले होते.

उरलं तर

प्रसाद दुपारपर्यंत संपवा. कच्ची वाटलेली डाळ उन्हाळ्यात फार टिकत नाही, आणि फ्रिजमध्ये ठेवलेला कडुलिंब दुसऱ्या दिवशी कुणी खात नाही. पच्चडीचंही तेच.

गुढीची डहाळी मात्र टाकू नका. सूर्यास्ताच्या आधी गुढी उतरवली की गाठी मुलांना वाटून टाका आणि डहाळी सावलीत उलटी टांगा. चार-पाच दिवसांत पानं कडकडीत वाळतात. पुढच्या दोन महिन्यांत वर्षाचं धान्य घरात येतं, तेव्हा गहू-तांदळाच्या डब्यात थराथरात ही पानं घालायची, किडे लागत नाहीत. पानं पूर्ण वाळलेली हवीत, जरा ओल राहिली तरी धान्याला बुरशी येते. दळणाला गहू काढताना मूठभर पानं चाळणीत वर राहतात, ती पुन्हा डब्यात टाका.